शेजाऱ्यांचे ऋण कसे फेडू?

प्रश्न : यजमानांची बायपास झाली. माहेर-सासर दोन्ही महाराष्ट्रात. इथल्या शेजाऱ्यांनीच रक्त दिलं, डबे पुरवले. आभार कसे मानू?
– एक वाचक, अलीगंज, लखनौ

उत्तर : ताई, भेटवस्तूंची घाई नको. घरोघरी जाऊन नेमकं सांगा : ‘तुमच्या डब्यातली मुगाची खिचडी यांना पहिल्यांदा गोड लागली.’ बायपासमध्ये कापलेलं छातीचं हाड सांधायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर यजमानांना जड उचलू देऊ नका, मदत निःसंकोच घ्या. तुमची तब्येत ठणठणीत असेल तर रक्तदान करा. स्त्रियांना दर ४ महिन्यांनी करता येतं. ज्येष्ठातल्या मंगळवारी, म्हणजे ‘बडा मंगल’ला, अलीगंजच्या हनुमान मंदिराजवळ भंडारे लागतात, तिथे वाढायला उभ्या राहा. मिळालेली मदत पुढे पोचवणं, हीच खरी परतफेड.