रस खालून, मळी वरून

प्रश्न : बीड वितळवायच्या कुपोला भट्टीला पुढे तळाशी एक भोक आणि मागच्या बाजूला जरा वर दुसरं, असं का? सगळं एकाच भोकातून का काढत नाहीत?
— एक वाचक, पलूस

उत्तर : पलूसहून हा प्रश्न यावा हे साहजिकच आहे, किर्लोस्करवाडी तुमच्या शेजारीच. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभारला, तो लोखंडी नांगरांसाठी. साताऱ्याकडे १९२२ मध्ये धनजीशा कूपरांनीही नांगरांचाच कारखाना काढला. नांगराचे भाग ओतायचे तर बीड वितळवणं आलंच.

कुपोलात वरून कोक, बीड आणि चुनखडीचे थर टाकतात आणि खालून हवेचा झोत सोडतात. वितळलेलं बीड धगधगत्या कोकमधून ठिबकत तळाशी साठतं. कारागीर त्याला रस म्हणतात. कोकची राख, भंगाराला चिकटलेली वाळू, गंज आणि विटांचा झिजलेला थर चुनखडीशी एकजीव होऊन मळी बनते. चुनखडी नसेल तर ही मळी घट्ट होऊन बसते, वाहतच नाही. पाण्याच्या तुलनेत रस सुमारे सातपट जड, तर मळी तिपटीच्या आतच. म्हणून ती आपसूक वर तरंगते. वेगळं करायचं काम वजनच करतं. माणसाने फक्त भोक कुठे आणि केव्हा उघडायचं ते ठरवायचं.

खरं कसब त्या ‘केव्हा’त आहे. खालचं भोक मातीच्या बोळ्याने बुजवलेलं असतं. रस पुरेसा साठला की पहारीने ते फोडायचं, लेडल (रस झेलायचं भांडं) भरली की दांड्याच्या टोकाचा नवा बोळा धारेतच दाबून बसवायचा. मळी निघायला लागायच्या आत भोक बंद झालं पाहिजे. उघडायलाही उशीर चालत नाही, कारण मळी चढत चढत हवेच्या तोंडांपर्यंत पोचली तर झोतच कोंडतो. त्याआधीच ती मागच्या भोकातून वाहून जायला हवी. एकच भोक ठेवलं तर दर वेळी दोन्हींची सरमिसळ निस्तरत बसावं लागेल.

पहार, लेडल, खालची जमीन, सगळं कोरडं हवं. रसाखाली सापडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती हजार पटींहून जास्त जागा मागते आणि रस उडतो. म्हणून लेडल आधी तापवूनच घेतात.

आता बऱ्याच फाउंड्र्यांत विजेच्या इंडक्शन भट्ट्या आहेत. त्यात मळीला वेगळी वाट नसते. वर एक पूड भुरभुरतात. काहिलीत भेंडीच्या पाण्याने उसाच्या रसाची मळी गोळा होते तशी इथलीही गोळा होते आणि सळीने उचलून काढता येते. एवढं करूनही थोडी मळी साच्यात गेलीच, तर वरून काही दिसत नाही. लेथवर वरचा थर निघाला की आत खड्डा दिसतो, आणि तो ओतीव भाग भंगारात जाऊन पुन्हा भट्टीत पडतो.