क्रॉसिंगला थांबलेली गाडी

चिपळूण,
८ जून

चि. चिमू हिस,


तुझा मोठा मेसेज मामीने मला वाचून दाखवला, मग मी तो चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला. उत्तर फोनवर देता आलं असतं. पण बोललेलं वाऱ्यावर जातं आणि लिहिलेलं तू जपून ठेवतेस, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. म्हणून कागद घेऊन बसलो.

बंगळूरची नोकरी चांगली आहे, खोली हवेशीर आहे, तरी घर घरासारखं वाटत नाही असं लिहिलंस. दर महिन्याला मैत्रिणींबरोबर दोन दिवसांत तीन-चार ठिकाणं पाहून येतेस आणि सोमवारी जास्तच थकलेली असतेस. जेवण बाहेरून येतं. आता एक पर्शियन मांजर विकत घ्यावं असं मनात आहे, आणि ते आलं की बरं वाटेल का, असं मला विचारलंस. प्रश्न मांजराचा आहे, पण त्याचं उत्तर मला प्रवासापासून आणि स्वयंपाकघरापासून द्यावं लागेल. या तिन्ही गोष्टी मी एकाच जागी शिकलो, माझ्या रेल्वेच्या नोकरीतल्या त्या लहानशा स्टेशनावर.

तू तेव्हा फार लहान होतीस, तुला ते क्वार्टर आठवत नसेल. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला. त्याआधी आपल्याला मुंबई म्हणजे एसटीतली अख्खी रात्र आणि कशेडी घाटातली वळणं. मला स्टेशन मिळालं ते दोन बोगद्यांच्या मधलं. एक प्लॅटफॉर्म, एक पिंपळ, तीन क्वार्टर. मामी मुलांच्या शाळेसाठी चिपळूणला राहिली, मी तिकडे एकटा. रेल्वे एकेरी. २०२१ साली रोहा ते वीर एवढा तुकडा दुपदरी झाला, बाकी बहुतेक मार्ग अजूनही एकाच रुळाचा आहे. समोरून गाडी येणार असेल तर एकीला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायचं, दुसरी मेनलाइनने निघून गेली की मग हिला सोडायचं. यालाच क्रॉसिंग म्हणतात, हे तुला ठाऊक आहे.

कित्येक वर्षं मी क्रॉसिंगला थांबलेल्या गाड्या पाहिल्या. पहिली दहा मिनिटं माणसं घड्याळ पाहतात, दारातून वाकून सिग्नल बघतात. मग कुणीतरी खाली उतरतं, नळाला तोंड धुतं, पिंपळाखाली उभं राहतं. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला डब्यात बोलणं सुरू होतं. डबे उघडतात, दशम्या आणि चटणी या बाकावरून त्या बाकावर जाते. एकदा श्रावणात एक आजी खाली उतरल्या, दरडीवरच्या ओल्या दगडावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "माझ्या माहेरचा वास आहे हो इथे." त्या स्टेशनावर त्यांना उतरायचं नव्हतं. गाडी वेळेवर धावली असती तर ते स्टेशन त्यांच्या खिडकीतून क्षणभरात मागे गेलं असतं. मी हिरवा झेंडा दाखवला आणि ती गाडी बोगद्यात शिरेपर्यंत पाहत राहिलो.

चिमू, तुझ्या सहलींमध्ये एवढंच कमी आहे. तू पोचतेस, फोटो काढतेस आणि निघतेस. मधला वेळ तुला नकोसा वाटतो, म्हणून तू तो झोपून काढतेस. मी सांगतो, प्रवासाचा आनंद बराचसा त्या मधल्या वेळात असतो. पुढच्या वेळी एकच ठिकाण ठरव आणि तिथे दोन रात्री राहा. पहिल्या दिवशी ज्या रस्त्याने गेलीस त्याच रस्त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चहाची टपरी दुसऱ्या दिवशी तुला ओळखते, आणि ओळख मिळाली की परका गाव परका राहत नाही.

आणि इकडे येशील तेव्हा गाडीनेच ये. बंगळूरहून कारवारला दिवसा जाणारी गाडी धर. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड या घाटात पन्नासाहून जास्त बोगदे आहेत आणि गाडी इतकी सावकाश उतरते की झऱ्यांचा आवाज ऐकू येतो. तिथून मडगाव. सकाळी मडगावहून मांडवी एक्सप्रेस सुटते. तिच्यातलं खाणं नावाजलेलं आहे, घरचा डबा असला तरी थोडं घे. रत्नागिरीच्या अलीकडे पानवल नदीचा पूल येतो, ६४ मीटर उंच. त्या वेळी दारात उभी राहू नकोस, खिडकीतून बघ. रत्नागिरी सोडल्यावर करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. त्या अंधारात मोबाइल काढू नकोस, गप्प बसून राहा. बाहेर उक्षीला उजेडात येशील आणि पाऊस चांगला झाला असेल तर रानपाटचा धबधबा समोर कोसळताना दिसेल. अंधारात बसून आलेल्या डोळ्यांनाच तो तसा दिसतो. जूनमध्ये आमचं पावसाळी वेळापत्रक लागतं, दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, रात्रंदिवस माणसं रुळावरून चालत गस्त घालतात. उशीर झाला तर कुरकुर करू नकोस. तू सुखरूप घरी यावीस म्हणून कुणीतरी कंदील घेऊन पावसात चालतं आहे.

आता मांजराचं. इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, ती मी घरात फारशी काढत नाही.

क्वार्टरमध्ये माझ्याकडे एक मनी होती. तिरंगी, पांढरी-काळी-भगवी. अशा तीन रंगांची मांजरं जवळजवळ सगळी माद्याच असतात. मी तिला आणली नव्हती. पावसाच्या तोंडाला ती ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली आणि हात पुढे केला की पळायची. मग मी हात पुढे करणं सोडलं. ड्यूटी संपली की पायरीवर तिच्यापासून चार हात लांब बसायचो, तिच्याकडे रोखून न पाहता. मांजराला रोखून पाहणं धमकी वाटते. डोळे अर्धे मिटून, सावकाश उघडले की ते निवळतं. पंधरा-वीस दिवसांनी एका रात्री डाऊन मालगाडी सोडून मी बसलो होतो, तर माझ्या गुडघ्याला तिचं कपाळ लागलं. अगदी हलकं, ओलसर. मी हललो नाही. त्या रात्रीइतका आनंद मला बढतीच्या कागदानेही दिला नाही.

दोन वर्षांनी ती आजारी पडली. अंग तापलेलं, खाईना. जनावरांचे डॉक्टर तालुक्याला, गाडी सकाळची. मला ते बघवेना. घरात तापाची साधी गोळी होती, आपण सगळे घेतो ती पॅरासिटामॉल. तिचा तुकडा मोडून मी मासळीच्या घासात घालून तिला दिला. पहाटे तिचं तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी पडल्या, श्वास लागला. सकाळची गाडी यायच्या आत ती गेली. नंतर डॉक्टरांनी मला समजावलं की ही गोळी मांजराच्या शरीराला पचवता येत नाही, तिने रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. रात्रभर थांबलो असतो, कुणाला तरी विचारलं असतं, तर ती कदाचित वाचली असती. मी केलं ते मायेने केलं, पण घाईने केलं. ते मी अजून विसरलेलो नाही, आणि तुझ्या हातून तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हा ऐक. आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही जनावराला द्यायचं नाही. कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं कालवण घालायचं नाही, ते त्यांच्या रक्ताला घातक आहे. फुलदाणीत लिलीची फुलं ठेवशील तर मांजर ठेवू नकोस. दुधाची वाटी चित्रात शोभते, पण मोठ्या मांजरांना बहुधा दूध सोसत नाही, पोट बिघडतं. पाणी ठेव. तू शाकाहारी असलीस तरी मांजर नाही. त्याला मासळी-मटणातून मिळणारं सत्त्व लागतंच, दहीभातावर वाढवलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. जंत, रेबीजची लस, नसबंदी हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर कर. दोन दिवस खाल्लं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नकोस, यकृत जातं. इथे मात्र थांबायचं नाही. आणि चौथ्या मजल्यावर राहतेस, बाल्कनीला जाळी बसवल्याशिवाय घरात पिल्लू आणू नकोस.

पर्शियन कशाला? त्या लांब केसांना रोज विंचरावं लागतं, चपट्या नाकामुळे श्वासाचे त्रास होतात, आणि तुझं ऑफिस संध्याकाळी उशिरापर्यंत. तुझ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक काळी मांजर पिल्लं घेऊन असते, असं तूच मागे लिहिलं होतंस. पिल्लं आईपासून दोन महिन्यांच्या आत तोडू नकोस. रोज ठरलेल्या वेळी तिथे जाऊन दहा मिनिटं बस, काही न करता. त्यातलं एखादं आपणहून तुझ्याकडे येईल. नाही आलं तरी ती दहा मिनिटं तुझीच आहेत. आधी शेजारी एखादं माणूस जोडून ठेव, तू गावाला गेलीस तर त्याला घरी येऊन खायला घालेल असं. मांजर जागेला जीव लावतं, त्याला पिशवीत घालून फिरवण्यापेक्षा त्याच्या घरी राहू द्यावं. मांजरामुळे शेजार जोडला जातो हा माझा अनुभव आहे, आणि तुला खरी उणीव शेजाराचीच भासते आहे असं मला वाटतं.

स्वयंपाकाचं सांगून पत्र संपवतो. एकटा राहायला गेलो तेव्हा मला भातसुद्धा नीट येत नव्हता. तुझ्या आईने, आक्काने, मला 'रुचिरा' दिलं होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. त्यात सगळं वाटी-चमच्याच्या मापात आहे, त्यामुळे नवख्या माणसाचा हात धरल्यासारखं होतं. तुझ्यासाठी एक प्रत पाठवतो आहे. पण रोज चार पदार्थ करायचा संकल्प करू नकोस, आठवड्यात मोडेल. आठवड्यातून एक पदार्थ असा कर, ज्याला वेळच लागतो.

माझ्यासाठी तो पदार्थ म्हणजे वालाचं बिरडं. कडवे वाल रात्री भिजत घालायचे. सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून भांड्यात झाकून ठेवायचे. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड डोकावतात, थंडीत जास्त वेळ लागतो. फडकं सारखं उघडून बघू नये. मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. चिमटीत धरून हलकेच दाबलं की साल सुटतं आणि डाळिंबी बोटांतून निसटते, गुळगुळीत, फिकट पिवळी, मोडाची शेपटी घेऊन. दोन वाट्या वाल सोलायला मला तासभर लागायचा. दुपारची पॅसेंजर गेली की मी सोलायला बसायचो. मोहरी, हिंग, हळदीची फोडणी, त्यावर डाळिंब्या. वर ताटलीत पाणी ठेवून वाफेवर शिजवायच्या, डावाने ढवळायच्या नाहीत, मोडतात. आमसूल आणि गूळ शेवटी. आमसूल आधी घातलं तर आंबटाने त्या शिजतच नाहीत, हे मी दोनदा बिघडवून शिकलो. वर ओलं खोबरं, जिरं, कोथिंबीर.

तुला वाल कुठे मिळतील म्हणून अडू नकोस. तुझ्या गावात थंडीत ज्या अवरेकाईचे ढीग लागतात ती वालाचीच जात. तिचे ओले दाणे भिजवून, साल दाबून काढून तिथल्या बायका 'हितकिद अवरेबेळे' करतात. सोलण्याची रीत आपलीच. तुझ्या घरमालकिणीला एकदा विचार, "मला शिकवाल का?" मांजराला खायला घालणारं माणूसही तुला बहुधा तिथेच, सोलायच्या परातीभोवती सापडेल.

पावसात चार दिवस येते म्हणालीस. शनिवारी दुपारच्या मांडवीने उतरणार असशील तर मला बुधवारपर्यंत कळव, कारण गुरुवारी रात्री वाल भिजत घालावे लागतील. सोलणं मी तुझ्यासाठी राखून ठेवतो. गाडी क्रॉसिंगला अडकली तर घाबरून फोन करू नकोस, मी प्लॅटफॉर्मवर असेनच. मामीने तुझी शाल उन्हात घालून ठेवली आहे.

तुझा,
मामा