जुन्या बत्तीचं वय कसं ओळखाल?

हवा भरून पेटवायच्या कुठल्याही बत्तीला आपण सरसकट ‘पेट्रोमॅक्स’ म्हणतो. खरं तर ते बर्लिनच्या एका कंपनीच्या बत्तीचं नाव. अमेरिकेत असंच घराघरांत पोचलेलं नाव म्हणजे कोलमन. कन्सास राज्यातल्या विचिटा शहरची ही कंपनी. वय काढायला शिकायचं तर हिच्या बत्त्या सगळ्यांत सोप्या, म्हणून आजचा धडा त्यांच्यावर.

आधी तत्त्व. टाकीत हवा दाबली की इंधन वर चढतं, तापलेल्या जनरेटरमध्ये त्याची वाफ होते आणि ती मँटलमध्ये जळते. पण सुरुवातीला जनरेटर तापवायचा कसा? या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली, तसं डिझाइनही बदललं. १९१४ च्या ‘आर्क’ बत्तीला आधी स्पिरिटच्या ज्योतीने शेकावं लागे. पुढे आलेल्या ‘क्विक-लाइट’चं काम काडेपेटीवर भागलं. त्यानंतरच्या ‘इन्स्टंट-लाइट’मध्ये सुरुवातीलाच इंधनाबरोबर हवा सोडायची सोय झाली, शेकणं बंद. पंपाचंही तेच. आधी सायकलच्या पंपासारखा वेगळा, नंतर टाकीतच बसवलेला. म्हणजे नुसत्या नजरेने क्रम लागतो.

नेमकं साल हवं असेल तर बत्ती रिकामी करून उलटी करा. बुडावर ‘५’ आणि ‘६२’ असे आकडे दिसले तर टाकी मे १९६२ ची. त्याआधीच्या टाक्यांवर महिन्याऐवजी अक्षर असायचं. ‘ए’ म्हणजे वर्षाची पहिली सहामाही, ‘बी’ म्हणजे दुसरी.

आता एक गणित. कॉलरवर ‘मॉडेल २००ए’, बुडावर ‘ए ४८’. बत्ती कधीची? घाईने १९४८ लिहाल तर मार्क गेले! २००ए हे मॉडेल आलंच मुळी १९५१ मध्ये (१९८३ पर्यंत चाललं). म्हणजे टाकी एका बत्तीची, कॉलर दुसरीची. टाकी १९४८ च्या पहिल्या सहामाहीतली, पण ही जोडणी १९५१ च्या आधीची असूच शकत नाही.

नियम लक्षात ठेवा: छाप फक्त टाकीचं वय सांगतो. काच फुटते, जनरेटर चोंदतो, पंपाचा वॉशर झिजतो. हे सगळं बदललं जातं. मँटल तर जळून जाणारंच, त्यावरून काहीच ठरवू नका. प्रत्येक भागाचं वय वेगळं लिहा. अख्खी जोडणी सर्वांत नव्या भागापेक्षा जुनी नसते.

शेवटी कळकळीची विनंती. जुना बाजार किंवा आजोबांच्या माळ्यावरून अशी बत्ती मिळाली, की आपले हात लगेच एमरी पेपरकडे वळतात. थांबा! आधी बुडाचा, कॉलरचा, काचेवरच्या अक्षरांचा फोटो काढा. गंज परत चढेल, पण घासून गेलेला छाप परत येत नाही.