वृद्ध मलिक अंबर आणि भातवडीचे पाणी

नहर-ए-अंबरीचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. ज्या मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे आपले छत्रपती संभाजीनगर, वसविले व जमिनीखालून केवळ उताराच्या बळावर गावात पाणी आणिले, त्याच्या एका लढाईविषयी येथे लिहितो. (पाणचक्कीही पुष्कळ जण त्याच्याच नावावर घालितात, ती पुढील शतकातील होय.)

हबसाणात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा आधार झाला. १६१६ त मोगलांनी खडकी जाळिली. त्याने ती पुन्हा उभारिली. १६२४ त विजापूरकर व मोगल एक झाले, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडिली होती. विजापूरकरांशी आमचा कलह जुना आहे, तुम्ही मध्ये पडू नका, अशी विनवणी त्याने मोगल सरदारांस केली. ती व्यर्थ गेली आणि म्हाताऱ्यास पुन्हा घोड्यावर बसणे प्राप्त झाले.

समोरासमोर भिडण्याचे त्याने टाळिले. अहमदनगर, हल्लीचे अहिल्यानगर, याच्या जवळ भातवडीस त्याने तलावाचा बांध फोडिला. त्यात पावसाची भर पडली. वाटा चिखलाने भरल्या, शत्रूच्या छावणीत दाणावैरण पोहोचेना, उपाशी शिपाई फुटून त्याच्याकडे येऊ लागले. मग त्याने घाला घातला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. शहाजीराजे अंबराच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच कामी आले.

गावास पाणी पाजणारा व शत्रूवर पाणी सोडणारा हात एकच, याचे आम्हांस नवल वाटते. विसावा मात्र त्यास लाभला नाही. मोहिमा चालूच राहिल्या व १६२६ त तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे.