बनवाबनवी आवडतो, मग अभिरुची हलकी का?

प्रश्न : मला ‘अशी ही बनवाबनवी’, ‘तुंबाड’ आणि ‘कोर्ट’ तिन्ही मनापासून आवडतात. मित्र म्हणतात, ज्याला सगळंच आवडतं त्याला सिनेमा कळत नाही. खरंच असं असतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नाही. मित्रांच्या बोलण्यामागे ‘गंभीर तेच श्रेष्ठ’ हा गैरसमज आहे. ‘बनवाबनवी’त (1988) साडीतला लक्ष्मीकांत बेर्डे पाहा. पदर सावरताना त्याच्या चेहऱ्यावरची धांदल क्षणभर लांबली असती, तर हशा गेला असता. विनोदात हे मोजमाप फार अवघड. ‘कोर्ट’मध्ये (2014) शेवटाकडे न्यायालय रिकामं होतं, दिवे मालवतात आणि कॅमेरा तसाच अंधारात थांबतो. तिथे लांबलेला क्षणच बोलतो. ‘तुंबाड’मध्ये (2018) भीती येते ती लोभातून, कणकेची बाहुली विसरता येत नाही.

त्यामुळे तिन्ही सिनेमांना एकाच तराजूत तोलू नका. सिनेमा संपला की समीक्षा वाचण्याआधी, कोणतं दृश्य मनात राहिलं आणि का, एवढं वहीत लिहा. मित्रांशी बोलताना ‘भारी’ म्हणण्यापेक्षा ते दृश्य सांगा. मात्र सगळंच चांगलं म्हणू नका. न आवडलेल्याचं कारणही तितकंच नेमकं द्या. आणि ‘तुंबाड’ घरातल्या लहानग्यांसोबत नको.