रेस उतरत नाही? आधी हवा शोधा, मग पार्ट बदला



गॅरेज टाकताय किंवा नुकतंच टाकलंय? मग ही तक्रार तुमच्याकडे येणारच: "सिग्नलला थांबलो तरी गाडी रेस मारते." गाडी बहुधा जुनी मारुती 800, झेन किंवा एस्टीम. साधारण 2000 च्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि या गाड्या कार्बोरेटर सोडून एमपीएफआयवर आल्या. अशा वेळी अंदाजाने सेन्सर बदलला आणि रेस तशीच राहिली, तर गिऱ्हाईक पैसेही देत नाही आणि परतही येत नाही.

मूळ गोष्ट काय?

पेट्रोल इंजिनची रेस हवेवर ठरते. हवा जास्त गेली की ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो आणि आरपीएम चढतो. म्हणून आपला प्रश्न एकच: जादा हवा कुठून येते, आणि ती चुकून येते की ईसीयू स्वतः मागवतोय?

पायरी 1: तक्रार खरी आहे का?

इंजिन पूर्ण गरम करा, एसी आणि हेडलाइट बंद ठेवा. थंड इंजिनची रेस थोडा वेळ जास्त असणं किंवा एसी लावल्यावर थोडी वाढणं हा दोष नाही. गरम झाल्यावरही आरपीएम 700 ते 900 च्या आसपास न येता 1300-1500 वर अडकला, तर पुढे जा.

पायरी 2: फुकटची तपासणी

एक्सलेटर केबल ताणलेली आहे का? पायाखालची मॅट पेडलला अडते का? थ्रॉटल हाताने पूर्ण बंद होतो का? थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू मात्र फिरवू नका. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि पुढची तपासणी चुकते.

पायरी 3: शोध अर्ध्यावर आणा

एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढा. इंजिन चालू असताना थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा धरा. इंजिन बंद पडलं, तर हवा थ्रॉटल किंवा आयएसी व्हॉल्व्हमधून येतेय. चालूच राहिलं, तर हवा थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी गळतेय.

गळती असेल तर: रबरी व्हॅक्यूम पाइप एकेक करून पकडीने हलकेच दाबा. ज्याने रेस उतरली, तो पाइप किंवा त्याच्या पलीकडचा भाग दोषी. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डचं गॅस्केटही बघा. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबून रेस उतरली आणि ब्रेक पेडलही कडक लागत असेल, तर दुरुस्तीशिवाय गाडी सोडू नका. तिथे प्रश्न रेसचा नाही, जिवाचा आहे.

थ्रॉटलच्या बाजूला असेल तर: आयएसी व्हॉल्व्ह कार्बनने उघडा अडकतो. आधी क्लीनरने साफ करा, नवा नंतर.

पायरी 4: ईसीयू फसतोय का?

कूलंट टेम्परेचर सेन्सर 'इंजिन थंड आहे' असं सांगत राहिला, तर ईसीयू रेस वाढवूनच ठेवतो. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आहे. मग इंजिन खरंच नीट गरम होत नाही, आणि सेन्सर बिचारा खरं सांगत असतो! म्हणून थर्मोस्टॅट आणि कूलंटची पातळी आधी, सेन्सर नंतर. शेवटी थ्रॉटल पोझिशन सेन्सर: थ्रॉटल बंद असताना बऱ्याच गाड्यांत तो अर्ध्या ते एक व्होल्टच्या दरम्यान असतो.

आता धंद्याचं बोलू

तपासणीचे पैसे काम हाती घेण्याआधी सांगा. समजा 300 रुपये. "साहेब, दोष सापडला की दाखवतो, मग पार्टचं ठरवू," असं म्हणा. फाटलेला पाइप गिऱ्हाइकाच्या हातात द्या. 50 रुपयांचा पाइप निघाला तरी वाईट वाटून घेऊ नका. गिऱ्हाईक पाइपचे नाही, तुमच्या शोधाचे पैसे देतंय.

आजचा गृहपाठ: वरच्या चार पायऱ्या एका कागदावर लिहा आणि गॅरेजच्या भिंतीवर लावा. पुढची गाडी आली की क्रम मोडू नका. पोराला कामाला ठेवलंत, तर त्यालाही पहिल्या दिवशी हाच कागद दाखवा.