बालपुस्तकांची देवघेव मोजताना

वाचनालयाच्या वार्षिक अहवालात एकूण देवघेवीचा आकडा असतो. त्यातली मुलांची पुस्तकं किती, असं विचारलं की अनेक ठिकाणी अंदाज सांगितला जातो, आणि अंदाजाच्या जोरावर पुस्तकखरेदीत बालविभागाला वाटा मागता येत नाही. हिशेब अवघड नाही. फक्त त्याचे नियम १ एप्रिलपूर्वी ठरवून लिहून ठेवावेत.

सर्वांत आधी, वाचक मोजायचा की पुस्तक, हे ठरवा. पुस्तकच मोजा. आजी नातवासाठी स्वतःच्या खात्यावर ‘फास्टर फेणे’ नेते, ती देवघेव बालविभागाची. आठवीतली मुलगी कथाविभागातून प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ नेते, ती प्रौढ विभागाची. सभासदाचं वय धरलं तर या दोन्ही नोंदी चुकीच्या खात्यात जातील. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या राष्ट्रीय पाहणीतही हीच रीत आहे: बालसाहित्य कोणत्याही वयाच्या वाचकाने नेलं तरी ते बालसाहित्याच्या देवघेवीतच धरलं जातं.

मग प्रत्येक प्रतीवर खूण करा: ‘बा’ बाल, ‘कि’ किशोर, बाकी प्रौढ. खूण पुस्तकाच्या कण्यावर हवी आणि दाखल नोंदवहीच्या शेऱ्यातही. ‘श्यामची आई’ किंवा ‘गोट्या’पाशी ग्रंथपाल अडतात, कारण ही पुस्तकं सगळ्या वयाचे लोक वाचतात. माझ्या मते त्यावर फार खल करू नये. दोन प्रती असतील तर एक बालविभागात, एक प्रौढ विभागात ठेवा; जी प्रत बाहेर जाईल तिच्या खुणेप्रमाणे मोजा. मात्र वर्षाच्या मध्ये खुणा बदलू नका, नाहीतर जूनच्या आणि डिसेंबरच्या आकड्यांची तुलनाच करता येणार नाही.

देवघेव टेबलावर रोजचा एक तक्ता ठेवा. रकाने पाच: बाल, किशोर, प्रौढ, मुदतवाढ, मासिकं. पुस्तक देताना एक रेघ ओढा. परत घेताना ओढू नका, नाहीतर एकच पुस्तक दोनदा मोजलं जाईल. मुदतवाढ हीसुद्धा देवघेवच. रकाना वेगळा असला तरी रेघेशेजारी प्रतीची खूण लिहा, म्हणजे बेरीज करताना ती योग्य विभागात मिळवता येईल. ‘किशोर’सारख्या मासिकांच्या सुट्या अंकांना बहुधा दाखल क्रमांक नसतो आणि ते मोजणीतून निसटतात, म्हणून त्यांना स्वतंत्र रकाना. शाळेच्या बाई वर्गासाठी तीस पुस्तकं नेत असतील तर तीस रेघा. वर्गात ती किती मुलांनी वाचली हे आपण मोजलेलं नाही, तेव्हा ते धरू नये.

कोहासारखी संगणकीय ग्रंथालय प्रणाली असेल तर रेघांची गरज नाही. प्रतीचा प्रकार किंवा संग्रह-संकेत नोंदलेला असला की विभागवार देवघेव आणि मुदतवाढ तिच्यातून काढता येते. यातलं काहीच भरलेलं नसेल तर मात्र प्रणाली विभागवार आकडे सांगू शकत नाही.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग. लहान मुलं चित्रांची पुस्तकं तिथेच जमिनीवर बसून वाचतात आणि जाताना फळीवर ठेवून देतात. ज्यांच्या घरी सभासदत्वाची वर्गणी परवडत नाही, त्यांचं तर सगळं वाचन असंच होतं. हे वाचन कागदावर यायलाच हवं, पण देवघेवीच्या बेरजेत मिसळून नव्हे. बालविभागात एक टोपली ठेवा आणि वाचून झालेलं पुस्तक मुलांना तीत टाकायला सांगा. संध्याकाळी टोपलीतली पुस्तकं मोजून वेगळा आकडा लिहा, मगच ती फळीवर लावा. रोज जमत नसेल तर शाळा चालू असतानाचा एक आठवडा आणि मे महिन्याच्या सुट्टीतला एक आठवडा मोजा, आणि अहवालात ‘नमुना मोजणी’ असं स्पष्ट लिहा.

वर्षअखेर विभागाची देवघेव त्या विभागातल्या प्रतींच्या संख्येने भागा. समजा, बालविभागात ४०० प्रती आणि २,००० देवघेवी झाल्या, तर प्रत्येक प्रत सरासरी ५ वेळा बाहेर गेली. प्रौढ विभागात ६,००० प्रती आणि ६,००० देवघेवी असतील तर सरासरी १ वेळा. एकूण आकड्यात मुलं मागे दिसतात; भागाकार केला की त्यांची पुस्तकं किती अपुरी आहेत ते दिसतं. हे दोन आकडे आणि टोपलीचा तिसरा, असे एकाच पानावर लिहून पुस्तकनिवड समितीच्या पुढच्या बैठकीआधी प्रत्येक सदस्याच्या हातात द्या.